मुलगी बेपत्ता, लॅपटॉप घरातच: ‘सर्चिंग’मधल्या बापासारखी वेळ फलटणमध्ये आली तर?

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. वडील झोपलेत. उशाशी असलेल्या फोनवर मुलीचे एकामागून एक तीन कॉल येतात, पण त्यांना जाग येत नाही. सकाळी ते कॉल पाहतात आणि उलट फोन लावतात, तर उत्तर मिळत नाही. सुरुवातीला त्यांना रागच येतो. अभ्यासाला मैत्रिणीकडे थांबली असेल, तिथूनच शाळेत गेली असेल, असं त्यांना वाटतं. तिचा लॅपटॉप घरीच राहिलाय, हेही लक्षात येतं. चूक काहीतरी मोठी आहे, हे कळेपर्यंत जवळजवळ दिवस गेलेला असतो.

२०१८ साली आलेल्या ‘सर्चिंग’ या इंग्रजी थरारपटाची ही सुरुवात. अमेरिकेतल्या सॅन होजे शहरातला डेव्हिड किम आणि त्याची सोळा वर्षांची मुलगी मार्गो यांची ही गोष्ट. संपूर्ण चित्रपट आपल्याला फक्त कॉम्प्युटर, मोबाइल आणि कॅमेऱ्यांच्या पडद्यांमधून दिसतो.

चित्रपट पाहून झाला की आपल्याकडच्या आईबापांच्या मनात एकच प्रश्न येतो. हीच वेळ आपल्यावर आली तर? समजा, फलटणमध्ये अकरावीतली एखादी मुलगी क्लासला म्हणून गेली आणि रात्री घरी आलीच नाही, तर तिच्या फोनमधून, लॅपटॉपमधून काय कळू शकतं? ते कोण पाहू शकतं? आणि घरच्यांनी सगळ्यात आधी काय करायचं?

चित्रपट नेमका कसा आहे?

दिग्दर्शक अनीश चगंती भारतीय वंशाचा, सॅन होजेमध्येच वाढलेला. ‘सर्चिंग’च्या आधी गूगल ग्लास या चष्म्यावर चित्रित केलेल्या ‘सीड्स’ नावाच्या छोट्या फिल्ममुळे त्याचं नाव झालं होतं. ‘सर्चिंग’ त्यानं सेव्ह ओहॅनियन याच्यासोबत लिहिला. वडिलांची भूमिका जॉन चो यानं केली आहे, तर तपास अधिकाऱ्याच्या भूमिकेत डेब्रा मेसिंग आहे.

पडद्यांवरच घडणाऱ्या अशा चित्रपटांना ‘स्क्रीनलाइफ’ म्हणतात. निर्माता तिमूर बेकमाम्बेतोव यानं हा प्रकार पुढे आणला. २०१४ चा भयपट ‘अनफ्रेंडेड’ त्याच्याच निर्मितीतला. ‘सर्चिंग’चं चित्रीकरण अवघ्या तेरा दिवसांत झालं, पण संकलनाला वर्षाहून जास्त काळ लागला. कारण पडद्यावरची प्रत्येक खिडकी, प्रत्येक मेसेज आणि माउसचा बाण वेगळा तयार करावा लागला. कलाकार येण्याआधीच चगंतीनं सगळ्या भूमिका स्वतः करून संपूर्ण चित्रपटाचा कच्चा आराखडा बनवून घेतला होता. दहा लाख डॉलरपेक्षा कमी खर्चात झालेल्या या चित्रपटानं जगभरात सुमारे साडेसात कोटी डॉलर कमावले. त्याचे संकलक विल मेरिक आणि निक जॉन्सन यांनी पुढे २०२३ मध्ये ‘मिसिंग’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. त्यात उलटं आहे, आई बेपत्ता होते आणि मुलगी शोधते.

भारतातही असा प्रयोग झाला आहे. २०२० च्या लॉकडाउनमध्ये महेश नारायणन यांनी ‘सी यू सून’ हा मल्याळम चित्रपट केला. त्यात दुबईतली एक तरुणी गायब होते आणि फहाद फासिलनं साकारलेला केविन कॉम्प्युटरवरून तिचा माग काढतो.

त्या बापाला लॅपटॉपमध्ये काय सापडतं?

‘सर्चिंग’चा शेवट इथे सांगणार नाही. पण पहिल्या अर्ध्या तासात जे घडतं, ते कोणत्याही घराला लागू आहे.

पोलीस डेव्हिडला विचारतात, मुलीच्या मित्रमैत्रिणींची नावं द्या. त्याच्याकडे एकाचाही नंबर नसतो. मार्गोची आई आजारपणात वारलेली असते. शाळा, मैत्रिणी, त्यांच्या आया हे सगळं तीच सांभाळायची. शेवटी तो बायकोचं जुनं खातं उघडतो आणि तिनं सेव्ह करून ठेवलेल्या नंबरांवरून एकेकाला फोन करतो. तेव्हा समजतं की ज्यांना तो मुलीचे मित्र समजत होता, त्यांची तिच्याशी नावापुरतीच ओळख होती.

मग पियानोच्या शिकवणीला फोन लावतो. मार्गोनं सहा महिन्यांपूर्वीच क्लास बंद केलेला असतो. दर आठवड्याला तो देत असलेली फी ती साठवत होती आणि ती सगळी रक्कम कुणाला तरी पाठवलेली असते. त्यानंतर एका खात्याचा पासवर्ड बदलायला दुसरं खातं, दुसऱ्यासाठी तिसरं, असं करत तो तिच्या सोशल मीडियात शिरतो. लाइव्ह व्हिडिओच्या एका साइटवर ती अनोळखी लोकांशी मनातलं बोलत होती, हे त्याला तिथे दिसतं.

चित्रपटात एक छोटा क्षण आहे. डेव्हिड मुलीला मेसेज टाइप करतो, त्यात आईचा उल्लेख करतो आणि पाठवण्याआधी तो पुसून टाकतो. दोघांमध्ये आईबद्दल बोलणंच होत नव्हतं, हे एवढ्यावरून कळतं. मुलगी बाहेर कुणाशी बोलत होती, याचं मूळ या पुसलेल्या ओळीत आहे.

२४ तास थांबावं लागतं का?

नाही. आपल्याकडे सर्वात जास्त नुकसान करणारा गैरसमज हाच आहे.

‘बचपन बचाओ आंदोलन विरुद्ध भारत सरकार’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १० मे २०१३ रोजी आदेश दिला. अठरा वर्षांखालचं मूल हरवल्याची तक्रार आली की एफआयआर नोंदवायचाच, आणि उलट सिद्ध होईपर्यंत मुलाचं अपहरण किंवा तस्करी झाली असावी असं धरून तपास करायचा, असं त्यात म्हटलं आहे. म्हणूनच महाराष्ट्रात मूल हरवलं की ‘अज्ञात व्यक्तीविरुद्ध अपहरणाचा गुन्हा’ अशी बातमी वाचायला मिळते. प्रौढ व्यक्ती हरवली तर आधी ‘मिसिंग’ अशी नोंद होते. मुलांच्या बाबतीत थेट गुन्हा दाखल होतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्यात हा गुन्हा कलम १३७ खाली येतो आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. एक महत्त्वाचा बदलही झाला. जुन्या भारतीय दंड संहितेत पालकांच्या ताब्यातून पळवून नेण्याच्या गुन्ह्यासाठी मुलगी अठराखालची, पण मुलगा सोळाखालचा असावा लागायचा. आता दोघांसाठीही अठरा हीच मर्यादा आहे. म्हणजे सतरा वर्षांच्या मुलालाही तेच संरक्षण मिळतं.

हद्दीचा वाद घालायचंही कारण नाही. फलटणमध्ये शहर आणि ग्रामीण अशी दोन पोलीस ठाणी आहेत. मुलगी राहते एका हद्दीत, क्लास दुसऱ्या हद्दीत आणि शेवटची दिसली बारामतीच्या एसटीत, असं सहज होऊ शकतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार तक्रार कुठल्याही ठाण्यात देता येते. ते ठाणं ‘झिरो एफआयआर’ नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवतं. गुन्हा नोंदवायला नकार मिळालाच, तर त्याच कलमाखाली जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार करता येते आणि तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते.

मग उशीर कुठे होतो?

बऱ्याचदा घरातच. फलटणसारख्या गावात एका गल्लीतली बातमी तासाभरात दुसऱ्या गल्लीत पोचते. मुलगी रात्री घरी नाही म्हटल्यावर आधी मामाकडे, मग आत्याकडे, मग मैत्रिणीकडे ‘सहज’ फोन केले जातात. बोभाटा नको, उद्या लग्न व्हायचंय, सकाळपर्यंत येईल, असं म्हणत रात्र जाते. मुलगा असेल तर ‘येईल दोन दिवसांत, जाणार कुठं’ असंही म्हटलं जातं.

फलटणहून पुणे, सातारा, पंढरपूर, बारामती अशा सगळ्या दिशांना एसटी जातात आणि लोणंदमार्गे रेल्वेही आहे. एका रात्रीत मूल शेकडो किलोमीटर लांब जाऊ शकतं. शिवाय पुरावाही शिळा होतो. दुकानांच्या आणि स्टँडच्या सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जाऊन त्यावर नवं येतं. फोनची बॅटरी संपली की त्याचं लोकेशन मिळणं थांबतं.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात ८३,३५० मुलं हरवल्याची नोंद झाली. त्यांत ६२,९४६ मुली होत्या, म्हणजे चारांत तीन. त्याच वर्षी आधीच्या वर्षांतली धरून ८०,५६१ मुलं सापडलीही. म्हणजे तक्रार दिली की बदनामीच पदरी पडते असं नाही. मुलं सापडतात, आणि त्यासाठी आधी ती कुणाच्या तरी नोंदीत यावी लागतात.

पडद्यामागचं कुणाला दिसतं?

चित्रपटात डेव्हिड एकटाच जवळजवळ सगळं शोधतो. प्रत्यक्षात घरच्यांना दिसतं ते थोडं आणि पोलिसांना मागता येतं ते बरंच जास्त.

पहिलं म्हणजे सीडीआर, म्हणजे कॉलचा तपशील. कुणाला, कधी, किती वेळ फोन झाला आणि त्या वेळी फोन कोणत्या टॉवरच्या कक्षेत होता, हे त्यात असतं. बोलणं काय झालं, हे नसतं. टेलिकॉम कंपन्यांना हा तपशील दोन वर्षं जपून ठेवावा लागतो. तो पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या मंजुरीनं मागवला जातो. म्हणजे फलटणचं ठाणं विनंती पाठवतं आणि ती साताऱ्यातून पुढे जाते. गुन्ह्याची नोंदच नसेल तर ही साखळी सुरूच होत नाही.

टॉवरचं लोकेशन चित्रपटांत दाखवतात तसं नकाशावरचा लाल ठिपका नसतं. शहरात टॉवर जवळजवळ असल्यानं परिसर छोटा निघतो. तालुक्यातल्या ऊसपट्ट्यात एकाच टॉवरखाली दोन-तीन गावं येऊ शकतात. पण फोन बारामतीच्या दिशेनं गेला की साताऱ्याच्या, एवढं त्यातून नक्की कळतं.

दुसरं, आयएमईआय क्रमांक. हा सिमचा नव्हे, फोनच्या यंत्राचा क्रमांक. मुलीनं किंवा तिच्यासोबतच्या कुणी सिम काढून दुसरं टाकलं, तरी त्याच फोनमध्ये नवं सिम चालू होताच यंत्राचा माग लागू शकतो. हा क्रमांक फोनच्या खोक्यावर छापलेला असतो, म्हणून मोबाइलचं रिकामं खोकं फेकू नये.

तिसरं, सोशल मीडिया कंपन्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज पाठवणारा आणि घेणारा यांच्या फोनवरच वाचता येतात. कंपनीकडे त्यांचा मजकूर नसतो. पण खातं कधी, कोणत्या इंटरनेट पत्त्यावरून वापरलं यासारखी माहिती मागता येते. इन्स्टाग्राम आणि फेसबुक चालवणाऱ्या मेटा कंपनीकडे, तसंच गूगलकडे, जीव धोक्यात असताना पोलिसांना तातडीनं माहिती मागण्याची सोय आहे. पोलिसांनी सांगितलं तर मेटा त्या खात्याची माहिती ९० दिवस जपून ठेवते, म्हणजे समोरच्यानं खातं डिलीट केलं तरी पुरावा हाती राहू शकतो. ही विनंती पालकांच्या ईमेलनं मान्य होत नाही, ती पोलिसांकडूनच जावी लागते.

घरच्यांनी काय करावं?

सर्वात आधी ११२ किंवा मुलांसाठीच्या १०९८ या नंबरवर फोन करावा आणि लगेच पोलीस ठाण्यात जावं. १०९८ ही सेवा १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून सुरू झाली. आता ती सरकार चालवतं. मूल रेल्वेनं गेल्याची शंका असेल तर १३९ वरही कळवावं.

ठाण्यात जाताना या गोष्टी सोबत असाव्यात:

• अलीकडचा फोटो, शक्यतो महिन्याभरातला. लग्नातला सजलेला फोटो ओळख पटवायला उपयोगी पडत नाही.
• वयाचा पुरावा: जन्मदाखला किंवा शाळेचा बोनाफाइड.
• घरातून निघतानाचे कपडे, चप्पल, दप्तर आणि अंगावरची ओळखीची खूण.
• फोन नंबर, फोनचं खोकं किंवा बिल, ईमेल, इन्स्टाग्रामचं नाव.
• मित्रमैत्रिणी, क्लास, रिक्षा किंवा बसचालक यांची नावं आणि नंबर.
• बँक खातं किंवा यूपीआय. एटीएममधून पैसे काढले किंवा कुणाला पाठवले, तर वेळ आणि ठिकाण दोन्हीचा धागा मिळतो.

घरातलं भांडण, फोन काढून घेणं, मारहाण, कमी मार्क, आवडता मुलगा हे सगळं पोलिसांना खरंखरं सांगावं. लाजेपोटी दडवलेली एक गोष्ट तपास उलट्या दिशेला नेते.

काय करू नये?

डेव्हिडनं जे केलं, त्यातलं बरंचसं प्रत्यक्षात अंगाशी येऊ शकतं.

मागे राहिलेल्या फोनवर अंदाजानं पासकोड टाकत बसू नये. चुकीच्या प्रयत्नांनंतर तो जास्त जास्त वेळ लॉक होत जातो. लॅपटॉपवर व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडं असेल, तर त्यातले न वाचलेले मेसेज उघडू नयेत. उघडले की समोरच्याला निळ्या टिका दिसू शकतात आणि घरच्यांना पत्ता लागल्याचं त्याला कळतं. पडद्याचा दुसऱ्या फोननं फोटो काढावा, लॅपटॉप लॉग आउट न करता चार्जिंगला लावून ठेवावा आणि पोलिसांना दाखवावा.

अँड्रॉइड फोन असेल आणि मुलीचं खातं घरातल्या दुसऱ्या यंत्रावर आधीच चालू असेल, तर गूगलच्या ‘फाइंड माय डिव्हाइस’ (आता नाव ‘फाइंड हब’) सुविधेत शेवटचं लोकेशन दिसू शकतं. ते टिपून घ्यावं. पण तिथलं आवाज वाजवण्याचं बटण दाबू नये, आणि फोन पुसून टाकण्याचं तर मुळीच नाही. एका बटणात सगळा पुरावा जातो.

इन्स्टाग्रामवर कुणी संशयित दिसलाच तर त्याला धमकीचा मेसेज टाकू नये. तो खातं बंद करून निघून जाईल, मुलीला घेऊन जागाही बदलेल.

फोटो व्हायरल करायचा की नाही?

चित्रपटात मार्गोची बातमी पसरते, तेव्हा वर्गात तिच्याशी न बोलणारेही तिच्या आठवणीत रडताना दिसतात, आणि काही जण बापावरच संशय घेतात. आपल्याकडे हे काम गावातले व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करतात.

फोटो पसरवायचा असेल तर पोलिसांना विचारून, गुन्हा नोंदवल्यावर आणि संपर्कासाठी पोलीस ठाण्याचा नंबर देऊन पसरवावा. घरचा नंबर टाकला की ‘मुलगी आमच्याकडे आहे, पैसे पाठवा’ असे खोटे फोन येऊ शकतात. ‘प्रेमप्रकरणातून’ वगैरे तर्क त्यात लिहू नयेत. मूल सापडलं की तीच पोस्ट काढायला सगळ्यांना सांगावं. लैंगिक अत्याचार झाल्याचं पुढे आलं, तर पॉक्सो कायद्याच्या कलम २३ नुसार मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. काल मदत म्हणून फॉरवर्ड केलेला फोटो आज तिची ओळख उघडी पाडू शकतो.

सापडल्यावर काय?

चित्रपट साधारण इथे संपतो. घरच्यांची खरी परीक्षा इथून पुढे असते.

मूल सापडल्यावर त्याचा जबाब होतो, गरज असेल तर वैद्यकीय तपासणी होते आणि जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे नेलं जातं. घरी जायला मूल घाबरत असेल तर त्याची राहण्याची सोय ही समिती करू शकते. महाराष्ट्र पोलीस ‘ऑपरेशन मुस्कान’ या मोहिमेत हरवलेली मुलं शोधतात, पण शोधलेलं मूल पुन्हा जाऊ नये, हे काम मोहिमेचं नाही. ते घराचं आहे. परत आल्याच्या दिवशीच मार मिळाला, शाळा सुटली, घाईनं लग्न ठरलं, तर त्या मुलीला घर सोडायचं आणखी एक कारण मिळतं.

डेव्हिड किमला मुलीचा पासवर्ड शोधायला काही तास लागले. तिच्या मैत्रिणींची नावं मात्र त्याला तिच्या लॅपटॉपवरून नव्हे, तिच्या आईच्या जुन्या यादीतून मिळाली. तेव्हा आज जेवताना मुलांकडून पासवर्ड मागण्यापेक्षा तीन मित्रांची नावं आणि त्यांच्या घरचे नंबर विचारून घ्या, आणि एका कागदावर लिहून फोनच्या खोक्यात ठेवा. आणि रात्री फोन सायलेंटवर टाकत असाल, तर मुलांच्या नंबराची रिंग वाजेल एवढी सेटिंग करून ठेवा.